राणीचं पाणी कोण भरायचं?

आत्या, हे पत्रक नाही. आधीच सांगून टाकते.

दवाखान्यात तू माझा हात धरून शेवटचं जे धड बोललीस ते एवढंच होतं. "प्रज्ञे, मी मेल्यावर माझं पत्रक काढू नकोस." मला राग आला होता. डॉक्टर किडनीचं काहीतरी समजावत होते. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण मी म्हणते, वर्षानुवर्षं दिवसभर पाणी न पिता कामाला बसलेल्या बाईचं हे असंच होणार. माझ्या डोक्यात मथळा तयार होता. तो तू माझ्या तोंडावर वाचलास. "बळी-बिळी म्हणू नकोस मला. मी काय बकरी आहे?" बाजूच्या खाटेवरची बाई खुदकन हसली. तिला हसताना बघून तू हसलीस, आणि मग बराच वेळ खोकत राहिलीस.

म्हणून पत्रक काढलं नाही. पण मनातल्या मनात बोलायची मला सवय नाही. मला कागद लागतो. आणि तू ऐकत नाहीयेस हे मला पक्कं माहीत आहे. आपण तसलं काही मानत नाही. तरी लिहिते.

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहाराचा हॉल भरला होता. पप्पा दोन वाक्यं बोलले आणि बसले, त्यांना तिसरं जमेना. मंडळाचे सेक्रेटरी बोलले. मग मी. तुला आवडलं नसतं. मी "कष्टकरी" म्हणाले. "स्वाभिमानी" म्हणाले. नवऱ्याचं घर सोडून अंबरनाथला एकटीनं खोली घेऊन राहिलेली बाई, हेसुद्धा अशा आवाजात म्हणाले की जणू समोर मैदान आहे. इथपर्यंत ठीक. पण पुढे मी म्हणाले, "आत्याला वैचारिक वाचनाची ओढ होती."

मी. जी खोटं लिहीत नाही म्हणून तुझ्याशी भांडायची, ती मी माईकवर, तुझ्या फोटोसमोर, धडधडीत खोटं बोलले. कारण "माझी आत्या राजाराणीच्या आणि प्रेमाच्या कादंबऱ्या वाचायची" हे वाक्य विहारात उच्चारायची मला लाज वाटली.

मागे सतरंजीच्या कडेला तुझ्या कारखान्यातल्या बायका बसल्या होत्या. त्यातली शकुंतला मावशी, तीच ती जाड भिंगांच्या चष्म्याची, हातातली खीर संपवून थेट चपलांपाशी येऊन उभी राहिली. मी तिथं लोकांना निरोप देत होते.

"वैचारिक?" ती म्हणाली.

मी चपलांकडे बघितलं.

"बरं. ते वैचारिक पुस्तक कुठंय? निळ्या प्लास्टिकच्या पिशवीतलं. तिच्याच खोलीत असेल."

"कशाला हवंय?"

"कशाला म्हणजे? मधेच थांबलंय ते. पुढं कोण वाचणार? आमच्यात वाचायला येत होतं ते दोघींना. एक गेली, आणि एकीला दिसत नाही, ती मी." आणि चपला घालता घालता, "बुधवारी ये. दहाला लाइट जाते."

तुझी खोली आवरायला मी एकटीच गेले. आई येते म्हणाली होती, मीच नको म्हटलं. खाटेखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत काय आहे ते मला माहीत होतं आणि ते आईसमोर उघडायचं नव्हतं. बघ, पुन्हा लाज. ट्रंक उघडली. अर्ध्या पुस्तकांवर किल्ला, अर्ध्यांवर मान वळवून बघणारी बाई. काहींवर दोन्ही. किती तरी पुस्तकांना शेवटची पानं नाहीत, कारण ती सगळी उल्हासनगरच्या रद्दीतली. रद्दीवाला सुतळी करकचून बांधतो, वरचा आणि खालचा कागद फाटतोच. मला वाटायचं, शेवट नसलेली पुस्तकं ही बाई घेते तरी कशाला?

मी तुला हे विचारलंसुद्धा होतं. आठवतं? आम्ही बदलापूरला फ्लॅटमध्ये राहायला गेलो, त्यानंतर मी दर रविवारी तुझ्याकडे यायचे. भाजीबिजी निमित्त. खरं म्हणजे पत्रकाचा मसुदा तुझ्यासमोर वाचून दाखवायला यायचे, हे तुलाही कळायचं. तू तांदूळ निवडत ऐकायचीस. एकदा मी "शोषणव्यवस्थेच्या मुळावर घाव घालण्यासाठी सज्ज व्हा" असं वाचलं, तर तू हात थांबवून विचारलंस, "कधी?"

"काय कधी?"

"सज्ज कधी व्हायचं? वार लिही. वेळ लिही. आणि डबा आणायचा की नाही ते लिही."

मी चिडले, पण लिहिलं. तुला सांगितलं नाही, पण संघटनेत त्या पत्रकाचं कौतुक झालं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पत्रकात वार, वेळ आणि डबा असतो. लोक म्हणतात प्रज्ञाची भाषा थेट असते. माझी कसली? राणी आणि सरदारांच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या बाईनं माझी भाषा तासून दिली, आणि मी तिला त्याच कादंबऱ्यांवरून बोलत राहिले.

आणि काय काय बोलले! "आजोबांनी धम्म घेतला तो कशासाठी? तू राजांच्या पालख्या मोजत बसावंस म्हणून?" हे मी म्हणाले आहे. हे असं, तुझ्या तोंडावर, तुझाच चहा पिऊन. तू म्हणालीस, "पालख्या नाही गं मोजत. पालखीत बसलेली बाई बाहेर बघते तेव्हा तिला काय दिसत असेल, ते बघते." मी म्हणाले, "पालखी उचलणाऱ्यांच्या पाठी दिसत असतील." तू म्हणालीस, "हो की. ते पण."

दुसऱ्या ढिगावरून तर मी हसायचेच. प्रेमाच्या कादंबऱ्या! त्यात नायक नेहमी उंच, नायिका नेहमी गैरसमजात. तू म्हणायचीस, "किल्ला असो नाहीतर बंगला, शेवटी कोणीतरी कोणाची तरी वाट बघत असतं. मला ते पुरतं." मी म्हणायचे, बायकांना वाट बघायला लावणं हाच तर कट आहे. तू म्हणायचीस, "मग तू बघू नकोस. चहा गार होतोय."

पण मुख्य भांडण त्या दुपारचं. तू तीच पुस्तकाची निळी पिशवी मांडीवर घेऊन बसली होतीस. पुस्तकाला कव्हर नाही, पहिली पानं नाहीत, म्हणून नावसुद्धा कोणाला माहीत नाही. डोंगरावरचा किल्ला, तरुण विधवा राणी आणि तिच्यावर जीव लावलेला सरदार, एवढंच मला तू सांगितलेलं.

"ह्या तुझ्या राणीला आंघोळीचं पाणी कोण भरून देतं गं?" मी विचारलं.

"दासी."

"नाव काय तिचं?"

तू पानं उलटलीस. दोन्ही बाजूंनी उलटलीस. "नाही लिहिलेलं."

"बघ. डोंगरावर पाणी चढवते ती. राणीच्या कमरपट्ट्यावर ह्यांनी दीड पान लिहिलं आणि हिचं नाव लिहायला शाई संपली."

"मग तू लिही."

"मी खोटं लिहीत नाही. मी पत्रकं लिहिते."

तू पुस्तक पिशवीत घातलंस आणि कुकर लावायला उठलीस. मला वाटलं, जिंकले. आज कळतं की कुकर लावणारी बाई हरलेली असतेच असं नाही.

तुझ्या उल्हासनगरच्या कारखान्यात मी एकदाच आले होते, तेही तिथं संडास नाही हे बघायला. कारखाना म्हणजे काय, खाली शेठचं गोदाम आणि वर पत्र्याच्या शेडमध्ये जीन्स शिवायच्या मशीनी. मशीनींवर पुरुष. दारापाशी उजेडात खाली बसून तुम्ही दहा-बारा बायका, शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे छोट्या कातरीनं कापायला. पुरुष जायचे मागच्या नाल्यावर. तुम्ही जायचात कुठेच नाही. सकाळी घरून निघताना एक घोट, आणि मग संध्याकाळी घरी. हे ऐकून माझं टाळकं सरकलं होतं. मी घरी जाऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं आणि तुझ्यासमोर वाचलं. मथळा होता: "असंघटित क्षेत्रातील महिला कामगारांच्या मूलभूत स्वच्छताविषयक अधिकारांबाबत जाहीर निवेदन".

तू म्हणालीस, "एवढं वाचून होईपर्यंत जिला लागलीय तिनं काय करायचं?"

मी यावेळी ऐकलं नाही. सगळं तूच सांगणार का, म्हटलं. दोनशे झेरॉक्स काढल्या आणि तुमच्या गल्लीत स्वतः वाटल्या. शकुंतला मावशीनं माझ्यादेखत त्यातल्या एका कागदात लसणीची चटणी बांधली.

मग दोनेक महिने गेले आणि एका रविवारी तू सहज म्हणालीस, "संडास झाला गं आमच्याकडे. पत्र्याचा आहे. आतून कडी आहे." मी उडालेच! कसं झालं, विचारलं. तू म्हणालीस, "बायकांनी सकाळी कातऱ्या खाली ठेवल्या. शेठ म्हणाला काय पाहिजे, त्यांनी सांगितलं." एवढंच. मी दुसऱ्या दिवशी संघटनेच्या अहवालात लिहिलं: पत्रकामुळे महिला कामगारांमध्ये जागृती, उत्स्फूर्त कामबंद, मागणी मान्य. तो अहवाल मी तुलाही वाचून दाखवला. तू ऐकलंस. म्हणालीस, "छान लिहिलंयस. वाक्यं छोटी झालीत तुझी."

फक्त एवढंच म्हणालीस.

बुधवारी मी गेले. संघटनेची बैठक होती, ती टाळून गेले, ह्याची तू नोंद घेतली असतीस. दहा वाजता लाइट गेली आणि सगळ्या मशीनी एकदम गप्प झाल्या. इतका मोठा आवाज बंद झाल्यावर कान दुखतात, हे मला माहीत नव्हतं. पुरुष खाली चहाला गेले. शेठ जिन्यातून वर डोकावला. "अडे, नई बाई आई क्या? पढ़ो, पढ़ो. बस हाथ चलता रहना चाहिए."

तुझी जागा खांबाला टेकून होती. तिथं कोणी बसलं नव्हतं. मला तिथं बसवलं, समोर पँटींचा ढीग ठेवला, आणि मी कातर शोधायला लागले तर शेजारी बसलेली रुखसाना म्हणाली, "तुझं काम वाचायचं. ते आम्ही बघतो." आणि प्रत्येकीनं माझ्या ढिगातल्या चार-चार पँटी आपापल्या ढिगात ओढून घेतल्या. पान वाढतात तितक्या सहज. हे मी तुझ्याकडून ऐकलं होतं तेव्हा काय म्हणाले होते? "म्हणजे तू वाचणार आणि त्या तुझं काम करणार? हे शोषणच झालं." तू म्हणाली होतीस, "तू एकदा तीन तास मोठ्यानं वाचून बघ." आणि म्हणाली होतीस, "एकदा येऊन बस ना आमच्यात. लांबून काय बघतेस?" किती वेळा म्हणालीस. मला दर वेळी बैठक असायची.

वाचायला लागले. खुणेचं पान होतंच. राणी सज्जात उभी आहे, सरदार मोहिमेवर निघालाय, राणीच्या पैठणीचा पदर वाऱ्यावर. रुखसाना म्हणाली, "पदराची किनार परत वाच." वाचली. ती म्हणाली, "मशीनचं काम नाय ते. हातचं हाय." सगळ्या हं म्हणाल्या. मी पुढे गेले. एक पान झालं, दोन झाली. मग कातऱ्यांचा आवाज हळूहळू कमी झाला. वर बघितलं तर सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"तारा कुठंय?" शकुंतला मावशी म्हणाली.

"कोण तारा?"

"कोण तारा म्हणजे? पाणीवाली तारा. टाक्यावर उभी आहे ना ती, डोक्यावर हंडा घेऊन? तिला तिथंच ठेवून तू राणीच्या मागे कुठं चाललीस?"

मी पान बघितलं. मागचं बघितलं. तिच्या आधीचं. पुस्तकात तारा नव्हती, आत्या.

"ह्यात तारा नाहीये," मी म्हणाले.

"पान चुकलं असेल तुझं."

"नाही चुकलं. कुठल्याच पानावर नाहीये."

आधी कोणाला पटेना. रुखसानानं पुस्तक ओढून घेतलं, तिला वाचता येत नाही तरी पानं उलटली. "सच बोल. शुरू से नाय?" मी म्हटलं, नाही. मग एकदम शकुंतला मावशी हसायला लागली. चष्मा काढून डोळे पुसत हसायला लागली. "बाई गं," ती म्हणाली, "म्हणजे ती ह्या पानाकडे बघून ते बोलायची? आणि मला वाटायचं, किती चांगलं पुस्तक आहे!"

मग त्यांनी मला सांगितलं. एकीनं सोडलं की दुसरीनं उचललं. सुरुवात म्हणे शेवट नसलेल्या पुस्तकांपासून झाली. एकदा शेवटची पानं नाहीत म्हणून तू थांबलीस तर ह्या उठेनात, म्हणून तू शेवट सांगितलास. मग सांगतच राहिलीस. पण ते शेवटापुरतं, असं त्यांना वाटायचं. ही राणीची कादंबरी आली आणि तिच्यात पाचव्या-सहाव्या दिवसापासून तारा आली. काळी, उंच, एक दात पुढे. डोंगराखालच्या विहिरीतून राणीचं पाणी चढवणारी. नाव असलेली.

आणि मग तो दिवस. तू वाचलंस की किल्ल्यावर राणीसाठी दगडी संडास आहे, त्याला कोरीव दार आहे, आणि त्यात ओतायचं पाणी तारा चढवते. पण ताराला जायला जागा नाही. ती आणि बाकीच्या दासी दिवसभर पाणी वाहतात आणि स्वतः थेंबभर पीत नाहीत. "ते ऐकलं आणि आम्ही सगळ्या गप्प झालो," शकुंतला मावशी म्हणाली. "मला वाटलं, बघ, राजांच्या काळापासून आहे हे." दुसऱ्या दिवशी तारानं भर चौकात हंडा खाली ठेवला. तिच्याशेजारी दुसरीनं ठेवला. बावीस हंडे, ओळीत. राणीला सकाळी पाणी नाही. तू तिथं पुस्तक बंद केलंस, कारण लाइट आली.

"त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कातर खाली ठेवली," शकुंतला मावशी म्हणाली. "कोणी ठरवलं नव्हतं. मी ठेवली, हिनं ठेवली. तुझी आत्या तर म्हणत होती, अगं काय करताय."

"और शेठ का मुँह," रुखसाना म्हणाली, "राणी जैसा हो गया था."

मी त्या पत्र्याच्या संडासाकडे बघत होते. आतून कडी असलेल्या. माझ्या अहवालातल्या.

आत्या, मी चिडले. खरं सांगते, आधी रडू नाही आलं, राग आला. तुला सांगता येत नव्हतं? मी तुझ्यासमोर बसून तो अहवाल वाचला, "पत्रकामुळे जागृती" म्हणाले, आणि तू म्हणालीस वाक्यं छोटी झालीत. तू माझ्यावर दया केलीस का? मला दया नको होती. मला भांडण हवं होतं. मी तुला विचारलं, पाणी भरणारीचं नाव काय, आणि तू कुकर लावायला उठलीस, आणि तिकडे उल्हासनगरला जाऊन दहा-बारा बायकांसमोर तू तिला जन्माला घातलंस. माझाच प्रश्न घेऊन गेलीस आणि मलाच उत्तर सांगितलं नाहीस.

नंतर, घरी जाताना, दुसरं लक्षात आलं. सांगितलं होतंस. "एकदा येऊन बस ना आमच्यात." ते तेच होतं. उत्तर तिथं चालू होतं, रोज दहा वाजता. मीच गेले नाही.

अहवाल दुरुस्त करून दिलाय मी. "पत्रकामुळे" खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते सुचेना, "कथेमुळे" लिहिलं. संघटनेतले विचारत होते, म्हणजे काय? मी म्हटलं, म्हणजे कथेमुळे. माईकवरचं मात्र दुरुस्त करता येत नाही. म्हणून इथं लिहिते: माझी आत्या राजाराणीच्या आणि प्रेमाच्या कादंबऱ्या वाचायची. खूप वाचायची. त्यात जे नसायचं तेही वाचायची.

पण बायकांचं काम माझ्या अहवालाशी नव्हतं. त्यांना वेगळंच काहीतरी हवं होतं. तू ताराला जिथं सोडलंस ते ठिकाण त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. भर दुपार आहे. तारा टाक्यावर, डोक्यावर भरलेला हंडा. फौज निघाली आहे, आणि फौजेबरोबर तो नालबंद, घोड्यांचे नाल ठोकणारा, जो आजवर तिच्याशी सरळ बोललासुद्धा नाही, फक्त तिच्या वाटेवरचे काटे काढायचा. तो घोडा थांबवतो. म्हणतो, "येतेस?"

आणि लाइट आली. तू पुस्तक बंद केलंस. दुसऱ्या दिवशी तू दवाखान्यात होतीस.

"तर गेली का ती?" रुखसानानं मला विचारलं. "तेरे को तो बताया होगा."

मला नव्हतं सांगितलं. मला तू कितीतरी गोष्टी सांगितल्या नाहीस. नवऱ्याचं घर सोडून तू निघालीस, तेव्हा एकटीच निघालीस की कोणी विचारलं होतं, "येतेस?" मी तीन वर्षं असंघटित महिलांच्या पाहण्या करते, माझ्या प्रश्नावलीत बेचाळीस प्रश्न आहेत, आणि हा एक नाही. तुझ्या ट्रंकेतली ती मान वळवून बघणारी बाई, ती मी हसून बाजूला ठेवली. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस का? का पुन्हा कुकर?

"उद्या सांगते," मी म्हणाले आणि पळाले.

घरी बसून ताराचा निकाल लिहिला. दोन पानं. तारा नालबंदाला म्हणते, माझ्या बहिणींना सोडून मी येणार नाही, आणि दासींना घेऊन मोर्चा काढते. चांगलं लिहिलं होतं. वार होता, वेळ होती.

दुसऱ्या दिवशी दहाला लाइट गेली. मी खांबाला टेकून बसले. पँटी ओढल्या गेल्या. शकुंतला मावशीनं पाण्याची बाटली पुढे सरकवली. "पी. आता जायला जागा आहे." मी प्यायले आणि कागद काढला. पहिलंच वाक्य वाचलं, "तारा निर्धारानं म्हणाली", तोच रुखसाना ओरडली, "ए, निर्धार नको गं! किती दिवस वाट बघतोय तो बिचारा."

"पण बाकीच्या दासी..."

"दासी बघून घेतील. आम्ही बघतोच आहोत ना?" शकुंतला मावशी म्हणाली. "मोर्चा आम्ही काढू. तिला जाऊ दे की एकदा कुठंतरी. तिच्याबद्दल तू ठरवू नकोस, तिला विचार."

मी कागद खाली ठेवला. पुस्तक उघडलं, कुठलं तरी पान. त्यावर राणीच्या दागिन्यांचं वर्णन होतं. मी त्याकडे बघत बोलायला लागले. माझा आवाज कापत होता, मैदानात कधी कापला नाही. मी म्हणाले, ऊन होतं. हंडा जड होता. तारानं मान वळवली, हळू, पाणी सांडू न देता. तिनं त्या माणसाकडे आयुष्यात पहिल्यांदा सरळ बघितलं. आणि म्हणाली,

"येते. पण आधी खाली उतर. आणि हा हंडा तू घे."

अशा हसल्या सगळ्या की खालून शेठनं विचारलं, क्या हुआ. रुखसानानं पँटच तोंडाला लावली. शकुंतला मावशी हसली नाही. ती चष्म्यातून माझ्याकडे बघत होती, कातर हवेत धरून.

"घेतला का त्यानं?" तिनं विचारलं.

मी पानाकडे बघितलं. तिथं एक सोन्याचा कमरपट्टा होता आणि त्याला लटकलेले घुंगरू.

"घेतला," मी म्हणाले.

तू म्हणशील, लगेच घेतला होय गं? थोडं तरी ताणायचं. एक दिवस तरी. मला माहीत आहे, आत्या. पण शकुंतला मावशी हवेतली कातर खाली आणायलाच तयार नव्हती.